घरचीं यंत्रें : मोटारसायकलची चेन

आठ-दहा माणसांच्या घरांत मोटारसायकल ही बहुधा कोणा एकाची नसते. सकाळीं थोरले चिरंजीव तिच्यावरून कचेरींत जातात, दुपारीं सूनबाई बँकेचें काम उरकून येतात, संध्याकाळीं धाकटा भाऊ क्लासला जातो, आणि रात्रीं आजोबांचें औषध संपल्याचें ध्यानांत आलें कीं जो हाताशीं सांपडेल तो किल्ली घेऊन निघतो. सामाईक वस्तूची जी दशा होते तीच मग हिचीहि होते. पेट्रोल संपलें तर गाडी थांबते, म्हणून तें कोणी तरी भरतो. टाकी मळली तर चारचौघांत दिसते, म्हणून ती कोणी तरी पुसतो. चेन मात्र खालीं, चाकाच्या आड, काळ्या चिखलांत दडलेली असते. ती कोरडी पडली तरी गाडी चालतच राहते. पुढें ती करकरूं लागली म्हणजे घरांतील प्रत्येकास वाटतें कीं, उद्यां दुसरा कोणी तरी तेल घालील.

याच्या उलट प्रकारहि आढळतो. आमच्या एका वाचक भगिनींनीं अशी तक्रार कळविली आहे कीं, त्यांच्या घरीं दर आठवड्यास चेनवर भरपूर तेल ओतलें जातें, तरीहि चेन फार लवकर बदलावी लागते. तेल कमी पडतें कीं तेलच वाईट, असा त्यांचा प्रश्न आहे. आमच्या मतें दोन्ही नव्हे. तेल जेथें जावयास पाहिजे तेथें तें जात नाहीं, आणि जेथें त्याचें कांहीं काम नाहीं तेथें त्याची रेलचेल होते. हें नीट पटण्यास चेनची घडण थोडी समजून घ्यावी लागेल.

गाडी बंद असतां चेनकडे जवळून पाहिलें तर एकाआड एक अशा दोन प्रकारच्या कड्या दिसतील. आंतल्या कडींत दोन पोलादी पट्ट्या असून त्यांच्यामध्यें दोन आंखूड नळ्या घट्ट ठोकून बसविलेल्या असतात. या नळीस बुश म्हणतात. प्रत्येक बुशवर एक रोलर सैल फिरत असतो, आणि चक्राच्या दांत्यांत जाऊन बसतो तो हाच रोलर. बाहेरच्या कडींत दोन पट्ट्या व दोन पिना. पिना पट्ट्यांत घट्ट, पण शेजारच्या कडीच्या बुशमधून आरपार गेलेल्या. म्हणजे पिन ही बुशच्या आंत फिरते आणि रोलर हा बुशच्या बाहेर फिरतो. ही युक्ति मूळचे स्वित्झर्लंडचे पण इंग्लंडांत मँचेस्टर येथें स्थायिक झालेले हान्स रेनॉल्ड यांनीं १८८० सालीं काढिली. त्यापूर्वींच्या चेनमध्यें पिनेवरचा सगळा भार पातळ पट्ट्यांच्या कडांवर येत असे व त्या कडा लवकर झिजत. बुश आल्यामुळें तोच भार पिनेच्या सबंध लांबीवर पसरला, आणि एवढ्याशा फरकानें चेनचें आयुष्य कितीतरी वाढलें. रेनॉल्ड यांची चेन आरंभीं गिरण्यांतील यंत्रांसाठीं होती. पुढें ती सायकलीवर आली, सायकलीवरून मोटारसायकलीवर आली, आणि आज आपल्या अंगणांत उभ्या असलेल्या गाडीच्या चेनची मूळ आंखणी तीच आहे.

आतां झीज कोठें होते तें पाहूं. चेन ढिली पडली म्हणजे लोक ‘चेन ताणली’ असें म्हणतात. वस्तुतः पोलादी पट्टी कांहीं ताणून लांब होत नाहीं. चेन वाढते ती पिन व बुश हीं एकमेकांवर घासून झिजल्यामुळें. प्रत्येक सांध्यांत केंसाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा, झीज झाली असें धरा. चेनला १०४ कड्या असतील तर सगळी मिळून वाढ एक सेंटिमीटरहून अधिक भरते! झीज डोळ्यांस दिसत नाहीं. तिची बेरीज मात्र दिसते.

आणि हे सांधे किती वेळां वांकतात याचा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडील पुष्कळशा लहान मोटारसायकलींच्या चेनवर ४२८ हा आंकडा असतो. त्यांतील पहिला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचें अंतर अर्धा इंच, अर्थात् १२.७ मिलिमीटर. (मोठ्या गाड्यांवर ५२० किंवा ५३० असतें, तेथें हें अंतर पांच अष्टमांश इंच.) समजा, मागील चक्रास ४२ दांते आहेत व चाकाचा घेर १.९ मीटर आहे. एक किलोमीटर जाण्यास चाकाचे सुमारें ५२६ फेरे होतात, आणि तेवढ्यांत २८० मीटर चेन चक्रावरून सरकते. चेनची स्वतःची लांबी १.३२ मीटर, म्हणजे किलोमीटरमागें तिच्या सुमारें २१२ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरींत प्रत्येक सांधा चार वेळां हलतो : पुढच्या चक्रावर चढतांना वांकतो, उतरतांना सरळ होतो, मागच्या चक्रावर पुन्हां तसेंच. हे झाले किलोमीटरला ८५० हेलकावे. पांचशें किलोमीटर गाडी चालली कीं एकेका पिनेनें आपल्या बुशमध्यें सव्वाचार लाख वेळां अंग घासलेलें असतें, आणि यांपैकीं निम्मे घर्षण इंजिनाची सगळी ओढ अंगावर घेऊन. तेथें तेलाचा पातळ पडदा असला तर पोलाद पोलादास लागत नाहीं. नसला तर काय होईल हें सांगावयास नको.

परंतु त्या ठिकाणीं तेल पोंचावें कसें? पिन बुशच्या पोटांत, बुश रोलरच्या पोटांत. आंत शिरण्यास एकच वाट आहे. आंतली पट्टी आणि बाहेरची पट्टी जेथें एकमेकींवर येतात तेथें दोहों बाजूंस नखाच्या कडेसारखी अगदीं अरुंद फट असते. दिव्याच्या वातींत तेल चढतें त्याच रीतीनें या फटींतून तेल आंत ओढलें जातें. मात्र तें वाहतें असलें पाहिजे आणि फटीचें तोंड मोकळें असलें पाहिजे. आमच्या भगिनींच्या घरीं जें आठवड्यास ओतलें जातें तें पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगावर व रोलरवर बसतें. गाडी निघाली कीं त्यांतलें निम्मे चाकाच्या रिमवर व पाठीमागें बसणाऱ्याच्या कपड्यांवर उडतें, उरलेलें रस्त्याची धूळ धरून ठेवतें. तेल आणि बारीक वाळू एकत्र झाली म्हणजे पाट्यावरच्या वाटणासारखा काळा लगदा तयार होतो. फरक इतकाच कीं, येथें पाटा आणि वरवंटा हेच वाटले जातात. शिवाय तोच लगदा फटीचीं तोंडें बंद करतो. मग वरून पावशेर तेल ओतलें तरी आंत थेंबहि जात नाहीं. म्हणूनच आधीं साफ करणें आणि मग तेल घालणें हीं दोन कामें वेगळीं नव्हेत.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या, विशेषतः मोठ्या गाड्यांच्या, चेनमध्यें या फटींत रबराचीं बारीक कडीं बसविलेलीं असतात. यांस ओ-रिंग म्हणतात. पिन व बुश यांमधील ग्रीस कारखान्यांतच भरून या रबरी कड्यांनीं कायमचें कोंडलेलें असतें. बॅटरीच्या उजेडांत पट्ट्यांमध्यें काळी रबरी कड दिसली तर चेन या जातीची समजावी. तिला बाहेरून तेल लागतें तें रोलरसाठीं, रबर सुकून तडकूं नये म्हणून आणि पट्ट्यांस गंज चढूं नये म्हणून. तेल कमी लागतें, परंतु स्वच्छता अधिक नाजूक हातानें करावी लागते. कारण एकदां रबर फाटलें कीं आंतलें ग्रीस गेलें, आणि तें पुन्हां भरण्याचा उपाय नाहीं.

घरोघर चालणारे कांहीं उपाय येथेंच बाद करून टाकतों. इंजिनांतून काढलेलें काळें ऑईल फुकट मिळतें म्हणून तें चेनवर ओतण्याची पद्धत फार रूढ आहे. त्यांत इंजिनाच्या झिजेचे धातुकण व काजळी असते. जी झीज टाळावयाची तीच विकत न घेतां घरीं आणण्याचा हा प्रकार. शिवाय असें ऑईल वरचेवर कातडीस लागणें अपायकारक आहे. ग्रीसचा जाड थर बोटानें चोपडणें दिसावयास समाधानकारक असतें, पण थंड ग्रीस त्या फटींत शिरतच नाहीं. (पूर्वीं विलायतेंत हौशी लोक चेन काढून रॉकेलनें धूत आणि ऊन करून पातळ केलेल्या ग्रीसमध्यें बुडवून ठेवीत. ती पद्धत शास्त्रशुद्ध होती. मात्र त्यास वेळ आणि पत्नीची सहनशीलता दोन्ही मुबलक लागत असत, कारण ग्रीस ऊन करण्याची जागा बहुधा स्वयंपाकघर असे. ओ-रिंगच्या चेनला तर ही पद्धत मुळींच चालणार नाहीं.) पुष्कळशीं खाद्य तेलें हवेनें चिकट होऊन डिंकासारखीं बसतात. शिवणयंत्राचें तेल इतकें पातळ असतें कीं पहिल्या दोन-चार मैलांतच उडून जातें. पेट्रोलनें चेन धुणें हें तर दुहेरी वाईट : रबर बिघडतें, आणि जवळपास एखादी ठिणगी असली तर घरावर प्रसंग ओढवतो. तारेच्या ब्रशानें ओ-रिंग फाटतात. गाडी धुण्याच्या दुकानांतील जोरदार फवारा चेनवर रोखून धरला तर तेल निघून जातें आणि पाणी आंत घुसतें.

तेल कोणतें वापरावें? आमची शिफारस साध्या ९० नंबरच्या गिअर ऑईलची आहे. तें कोणत्याहि सुट्या भागांच्या दुकानांत मिळतें, ओ-रिंगला बाधत नाहीं, एक बाटली पुष्कळ दिवस पुरते. चेनसाठीं मिळणारा स्प्रे अधिक सोईचा व कमी उडणारा असतो हें खरें. मात्र तो महाग पडतो, आणि सोईपायीं पुसण्याचें काम टाळण्याकडे मनाचा कल होतो. तो वापरणारच असाल तर डब्यावर ‘ओ-रिंगसाठीं योग्य’ अशा अर्थाचा उल्लेख आहे ना, हें पाहून घ्यावें.

प्रत्यक्ष कृति सांगण्यापूर्वीं एका गोष्टीवर जरा थांबणें भाग आहे. गाडी डबल स्टँडवर चढवून, इंजिन चालू करून, पहिल्या गिअरमध्यें टाकून चाक फिरवीत ठेवावयाचें आणि चिंधी चेनला लावून धरावयाची, अशी एक ‘झटपट’ रीत तरुण मंडळींत फार लोकप्रिय आहे. गॅरेजमध्येंहि ती पाहावयास मिळते. ही रीत बोटें घेणारी आहे. यांत अतिशयोक्ति नाहीं. हाताचीं हाडें जोडणाऱ्या शल्यवैद्यांस अशा जखमा चांगल्या परिचयाच्या आहेत. इंजिन अगदीं मंद चालत असतांहि पहिल्या गिअरमध्यें चेन सेकंदास सुमारें एक फूट सरकते. चिंधी धरलेला हात मागच्या चक्रापासून वीतभर अंतरावर असतो. चिंधीचा एक सुटा दोरा दांत्यांत अडकला कीं पाऊण सेकंदाच्या आंत बोट चेन आणि चक्र यांच्या मध्यें असतें; अडकल्याचें मेंदूस कळून मूठ उघडेपर्यंत तो अवधि संपलेला असतो. आणि इंजिन त्या वेळीं थांबत नाहीं.

म्हणून इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्यें, आणि किल्ली खिशांत. गाडीला लावलेली नव्हे, खिशांत. चाक हातानें फिरवावयाचें तें टायर धरून फिरवावें. तें पुरतें थांबलें म्हणजेच चेनला हात लावावा, आणि तेवढा भाग पुसून झाल्यावर हात काढून मग चाक पुढें सरकवावें. हातानें गति दिलेलें चाकहि लहान मुलाचें बोट चिरडण्यास पुरेसें आहे. भरल्या घरांत हें काम सुरू झालें कीं भोंवतीं मुलें गोळा होतातच. त्यांना ‘चाक फिरव बरें’ असें काम कौतुकानें देण्याची संवय काका-मामांना असते. तें काम मुलांस मुळींच देऊं नये. पुसलेल्या चिंध्या कागदांत गोळा करणें, तेलाची बाटली धरणें, सांधे मोजणें अशीं निरुपद्रवी कामें पुष्कळ आहेत. पदर, ओढणी, बाह्या, सैल घड्याळ व अंगठी यांचीहि आधींच व्यवस्था लावावी.

आतां कृति. गाडी आठ-दहा किलोमीटर चालून आल्यावर चेन कोमट असते. तीच वेळ उत्तम. चेनखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरावीं आणि चाकाच्या व चेनच्या मध्यें एक पुठ्ठा उभा करावा, म्हणजे टायरवर व ब्रेकवर तेल उडत नाहीं. टायरवर तेल राहिलें तर पहिल्याच वळणावर गाडी घसरते, इतकें हें महत्त्वाचें आहे. एका वाटींत थोडें रॉकेल घ्यावें. रॉकेल आतां पूर्वींसारखें सहज मिळत नाहीं. न मिळाल्यास चेन साफ करण्याचें द्रावण दुकानांतून आणावें. मऊ केंसांचा जुना टूथब्रश त्यांत बुडवून पट्ट्यांच्या चारी अंगांनीं एकेक वीतभर भाग घासावा. ब्रशचें टोंक त्या फटींच्या तोंडाशीं जाईल असें पाहावें. बाकी भाग चकचकीत झाला नाहीं तरी बिघडत नाहीं. लगेच सुती कापडानें पुसून घ्यावें. जुन्या धोतराचें कापड यास फार छान, परंतु कांठ आणि सुटे दोरे आधीं कापून टाकावे. चक्रांच्या दांत्यांमधील लगदा बांबूच्या कामटीनें खरवडून काढावा. सबंध चेन झाली म्हणजे पंधरा-वीस मिनिटें वाळूं द्यावी. रॉकेल आंत राहिलें तर वरून घातलेलें तेल पातळ होऊन वाहून जातें.

चेनचे दोन पदर दिसतात, वरचा आणि खालचा. तेल खालच्या पदराच्या वरच्या अंगास, म्हणजे चेनच्या वेढ्याच्या आंतल्या बाजूनें घालावें. कारण सोपें आहे : चेन चक्राभोंवतीं वळतांना तेल बाहेर फेंकलें जातें, तें आंतून घातलेलें असलें तर फटींतून व रोलरमधून होऊन बाहेर येतें, बाहेरून घातलेलें मात्र सरळ उडून जातें. सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी या कामीं फार उपयोगी पडते. प्रत्येक सांध्याच्या डाव्या फटीवर एक थेंब, उजव्या फटीवर एक थेंब. चेनचें लॉक जेथें आहे तेथून आरंभ करावा, म्हणजे फेरी केव्हां पुरी झाली तें कळतें. एवढ्यास चहाचे दोन चमचे तेल पुरतें, यावरून ओतण्याच्या पद्धतींत किती वायां जातें याची कल्पना यावी. नंतर चाक हातानें दहा-बारा फेरे फिरवून गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळीं कोरड्या कापडानें चेनचें बाहेरचें अंग चांगलें पुसून काढावें. कित्येकांना हें विचित्र वाटतें. रात्रीं घातलें तें सकाळीं कां पुसावयाचें? परंतु जें पुसलें जातें तें निरुपयोगीच होतें, आणि उपयोगाचें तें आंत गेलेलें असतें. हात लावला असतां बोटास पुसटसा डाग पडावा, थेंब येऊं नये, इतपत चेन ओली असावी.

लॉकचा उल्लेख आलाच आहे तर एक खूण सांगून ठेवतों. ज्या कडींत चेन जोडली जाते तिच्यावर माशाच्या आकाराची एक चपटी क्लिप असते. तिचें बंद तोंड चेनच्या जाण्याच्या दिशेस असावें व उघडें शेंपूट मागें असावें. उलटी बसविली तर कशास तरी अडकून ती सुटण्याचा संभव असतो, आणि वेगांत चेन तुटली तर ती मागच्या चाकांत गुंतून चाक जागच्या जागीं धरते किंवा इंजिनाचें आवरण फोडते. प्रत्येक सफाईच्या वेळीं क्लिप जागेवर आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें. कांहीं चेनमध्यें अशी क्लिप नसून तेथील पिना ठोकून पक्क्या केलेल्या असतात. त्यांना ही चिंता नाहीं.

चेनची ढील हा याच्या पुढचा भाग. खालच्या पदराच्या मध्यावर बोटानें वरखालीं करून पट्टीनें मोजावें. बहुतेक लहान गाड्यांत हें अंतर २० ते ३० मिलिमीटर असतें. नेमका आंकडा, आणि तें माप कोणत्या स्टँडवर घ्यावयाचें तें, गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें आणि तेंच प्रमाण. चेन सगळीकडे सारखी झिजत नाहीं, यासाठीं चाक थोडें थोडें फिरवून चार ठिकाणीं मोजावें आणि जेथें ती सर्वांत घट्ट असेल तेथील माप धरावें. ढिली चेन चक्रावरून उतरते हें सर्वांस ठाऊक असतें. घट्ट चेन अधिक वाईट असते हें फारसें कोणास ठाऊक नसतें. पाठीमागें माणूस बसलें किंवा गाडी खड्ड्यांत आपटली म्हणजे मागचें चाक वर उचललें जातें, आणि दोन चक्रांमधील अंतर किंचित् वाढतें. तेवढी जागा चेनमध्यें नसेल तर ओढ गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जाते, आणि तेथील खर्च चेनच्या अनेक पट असतो. ढील कमी करतांना आंसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवावे व दोहोंकडील खुणा जुळवाव्या. नाहीं तर चाक तिरपें बसतें. ज्या गाड्यांस मागें ड्रमचा ब्रेक आहे त्यांत चाक मागें सरकल्यानें ब्रेकच्या पायटीचें अंतरहि बदलतें. तें तपासल्यावांचून गाडी रस्त्यावर काढूं नये. शेवटीं आंसाचा नट किती आवळावा याविषयीं खात्री नसेल तर एवढें काम गॅरेजवाल्याकडून करून घेण्यांत कांहींच कमीपणा नाहीं.

हें सगळें किती दिवसांनीं करावें? उघड्या चेनला सुमारें ५०० किलोमीटरनीं तेल, हा सर्वसाधारण ठोकताळा ठीक आहे. पावसाळ्यांत मात्र किलोमीटर मोजीत बसूं नये. गाडी भिजली कीं साध्या चेनमधील तेल धुऊन जातें, आणि रात्रभर ओली राहिली तर सकाळीं तांबूस गंजाची पूड दिसते. भिजून आल्यावर पट्ट्यांवरचें पाणी पुसून थोडें तेल घालावें. सविस्तर सफाई रविवारीं झाली तरी चालेल. रत्नागिरी, मालवण, गोवें या बाजूस समुद्राची खारट हवा व जांभ्याची लाल धूळ यांमुळें तेथील मंडळींनीं अंतर निम्मे धरावें. देशावर काळ्या मातीचे रस्ते तुडविणाऱ्या गाडीच्या पुढील चक्राच्या आवरणांत चिखल ठासून बसतो; वर्षांतून दोनदां तें आवरण उघडून तो काढविला पाहिजे. एकदां मृगाच्या आधीं आणि एकदां दसऱ्याच्या आधीं, हे दिवस लक्षांत राहण्यास सोपे. खंडेनवमीच्या आदल्या रात्रीं तेल घालून ठेवलें तर सकाळीं पुसून पूजेस गाडी स्वच्छ मिळते. मात्र झेंडूचा हार मागच्या बाजूस लोंबता बांधूं नये, त्याचा दोरा चेनमध्यें जातो.

जावा, येझ्दी या जुन्या गाड्यांस व १९८५ सालीं निघालेल्या हिरो होंडा सी. डी. १०० सारख्या गाड्यांस सबंध चेन झांकणारें पत्र्याचें कव्हर असे. तशी गाडी घरांत असेल तर निगा पुष्कळच कमी लागते. कव्हरवरील रबरी बूच काढून आंत पाहावें, ढील मोजावी आणि तेल घालावें. अलीकडे अर्ध्या कव्हरची चाल पडली आहे, आणि कांहीं तरुण तेंहि दिसावयास बरें नाहीं म्हणून काढून टाकतात. त्याबरोबर मागच्या चाकाजवळची साडीची जाळीहि काढली जाते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाप्रमाणें मागें बसणाऱ्याचे कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून निदान अर्धें चाक झांकणारें साधन गाडीस असलेंच पाहिजे. ज्या घरांत आई, काकू, वहिनी त्याच गाडीवर मागें बसतात, तेथें नियम नसता तरी ही जाळी काढूं देतां कामा नये.

चेन बदलण्याची वेळ आली कीं नाहीं हें घरींच ठरवितां येतें. चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावें. ४२८ जातीच्या नव्या चेनमध्यें हें अंतर २५४ मिलिमीटर भरतें. तें २५९ च्या आसपास गेलें, म्हणजे शेंकडा दोन वाढलें, कीं तिचें आयुष्य संपलें. कांहीं कारखानदार याच्या आधींच बदलण्यास सांगतात. मोजपट्टी नसेल तर मागच्या चक्राच्या अगदीं पाठीमागच्या टोंकाशीं चेन चिमटींत धरून ओढून पाहावी; अर्धा दांता उघडा पडत असेल तर निकाल तोच. चक्राचे दांते वाघनखासारखे एका बाजूस वांकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही चक्रें एकदमच बदलावीं. जुन्या चक्रावर नवी चेन चढविण्याची काटकसर फार दिवस टिकत नाहीं, कारण झिजलेले दांते नव्या चेनलाहि आपल्याच मापास आणतात.

सामाईक गाडीचा विसरभोळेपणा टाळण्यास दुधाचा हिशेब ज्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहितात, तिथेंच तेल घातल्याच्या तारखेस मीटरचा आंकडा आणि घालणाऱ्याचें नांव लिहून ठेवावें. पुढची पाळी कोणाची, याविषयीं मग वाद राहत नाहीं. वाटींत उरलेलें मळकें रॉकेल मोरींत किंवा झाडाच्या आळ्यांत ओतूं नये. तें कांचेच्या बाटलींत भरून ठेवलें तर गाळ खालीं बसतो आणि वरचें नितळ रॉकेल पुढच्या खेपेस पुन्हां वापरतां येतें. बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी व ती मुलांच्या हातास न लागेल अशा उंच फळीवर ठेवावी. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलींत रॉकेल कधींहि भरूं नये; तहानलेलें मूल बाटली पाहतें, चिठ्ठी वाचीत नाहीं.